५० लाख नवे शेअर निघणार, माझ्या ५ हजार शेअरचं काय होणार?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत एका टूलरूममध्ये काम करतो, शेअरबाजाराचं ज्ञान बेताचंच. एका छोट्या लिस्टेड कंपनीचे ५,००० शेअर माझ्याकडे आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच कुणी टिप समजून घ्यायला धावायचा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, आमच्याच लाइनमधली म्हणून घेतली होती.

परवा ईमेलवर पोस्टल बॅलटची (सभा न घेता भागधारकांची मतं मागवण्याची) नोटीस आली. पानंच्या पानं इंग्रजी. मला समजलं ते असं: आज कंपनीचे एकूण १ कोटी शेअर आहेत. त्यातले ६२ लाख प्रवर्तकांकडे (म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मूळ मालकांकडे), ३८ लाख आपल्यासारख्यांकडे. आता ३० लाख नवे शेअर ६४ रुपयांनी सहा बाहेरच्या लोकांना देणार. शिवाय २० लाख वॉरंट (पुढे ठरल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क) प्रवर्तकांना, तेही ६४ च्याच भावाने. बातमी यायच्या आधी बाजारभाव बासष्ट-त्रेसष्ट होता, आज ७८ आहे.

माझा हिस्सा ०.०५ टक्क्यांवरून ०.०३३ वर येतो. म्हणजे माझा एक तृतीयांश पैसा गेला असं समजायचं का? ६४ ला द्यायचेच होते तर आम्हाला का नाही विचारलं? आणि माझ्या मताने काही फरक पडतो का? खात्यातले एक साहेब म्हणतात, पैसा येतोय, चांगलं आहे. मेहुणा म्हणतो, तुम्हाला गंडवतायत.

आडगाव_नाका

७८ ला विका आणि मोकळे व्हा. छोट्या कंपनीत वॉरंट हा शब्द दिसला की मी दुसरं पान उलटत नाही.

जुना_हिशेबनीस

आडगावकरांनी एका ओळीत निकाल लावला. मला इतकं झटपट जमत नाही. निवृत्तीआधी अंबडच्या एका कंपनीत हिशेब खात्यात होतो. असले ठराव आणि त्यांच्या मागची कागदं तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. म्हणून जरा लांबण लावतो, सातपूरकर, चालवून घ्या.

आधी तुमची एक तृतीयांशची भीती. हिस्सा एक तृतीयांश घटला हे खरं, पण तेवढा पैसा गेला हे खरं नाही. दिंडोरीत तुमची सामाईक द्राक्षबाग आहे आणि नवा भागीदार पैसे ओतून शेजारची जमीन बागेला जोडतो, तर तुमची टक्केवारी कमी होते, बाग मोठी होते. प्रश्न एवढाच की त्याने योग्य पैसे मोजले का.

आता तुमचेच आकडे घेऊ. १ कोटी शेअर गुणिले ७८, म्हणजे बाजाराच्या हिशेबाने कंपनी ७८ कोटींची. नवे ५० लाख शेअर ६४ ने, म्हणजे ३२ कोटी आत येणार. बेरीज ११० कोटी, भागिले दीड कोटी शेअर, उत्तर ७३ रुपये ३३ पैसे. म्हणजे ७८ च्या भावावर शेअरमागे ४ रुपये ६७ पैसे, साधारण सहा टक्के, तुमच्या खिशातून नव्या लोकांच्या खिशात गेले. ५,००० शेअरवर २३ हजार ३०० च्या आसपास. मेहुण्याचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर.

पण थांबा. हे ७८ आले कुठून? भाव बासष्ट-त्रेसष्ट असताना बोर्डाने ६४ ठरवला. त्या दिवशी तो भाव स्वस्त नव्हता. बातमी आल्यावर लोक धावले. सेबीचा नियम असा की मागच्या ९० ट्रेडिंग दिवसांची भारित सरासरी (जितके शेअर फिरले तितकं त्या भावाला वजन) आणि मागच्या १० दिवसांची भारित सरासरी, यात जी जास्त असेल त्याच्या खाली देता येत नाही. हे २०२२ च्या जानेवारीपासून. मोजणीची तारीख धरतात ठरावाच्या तारखेच्या ३० दिवस आधीची. त्यामुळे बातमीनंतरची उसळी बहुतेक वेळा या हिशेबात येतच नाही. हे नियमाला धरून आहे. तरी एक गोष्ट तपासा. घोषणेआधीचे दोन-तीन महिने भाव उगाच दाबल्यासारखा पडून होता का? रोज थोडेच शेअर फिरणाऱ्या कंपनीत सरासरी खाली ठेवायला फार कष्ट लागत नाहीत.

पुस्तकी किमतीत तर उलटंच दिसेल. समजा बुक व्हॅल्यू, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरते ती किंमत, शेअरमागे ४१ आहे (तुमच्या कंपनीची किती ते वार्षिक अहवालात बघा). ४१ कोटींत ३२ कोटी मिळवले, ७३ झाले, दीड कोटीने भागले, ४८.६७. वाढली की! म्हणून ताळेबंद बघून ‘डायल्यूशनने (नव्या शेअरमुळे हिस्सा पातळ झाल्याने) नुकसान’ म्हणणाऱ्याला मी विचारतो, नेमकं कशाचं? पुस्तकी किमतीपेक्षा महाग शेअर विकला तर ती वाढतेच.

खरी कसोटी शेअरमागच्या नफ्याची. समजा आज वर्षाचा नफा ४ कोटी २० लाख, म्हणजे शेअरमागे ४ रुपये २० पैसे. शेअर दीड कोटी झाले की तोच ४.२० टिकवायला नफा ६ कोटी ३० लाख लागेल. म्हणजे नव्या ३२ कोटींनी कर भरून वर्षाला २ कोटी १० लाख कमावले पाहिजेत, जेमतेम साडेसहा टक्के. ऐकायला सोपं वाटतं, पण पैसा कुठे जातो त्यावर सगळं आहे. नोटिशीत ‘इश्यूचा उद्देश’ असा भाग असतो, तो वाचा. ११ टक्के व्याजाचं कर्ज फेडणार असतील तर प्रत्येक कोटीमागे ११ लाख व्याज वाचतं, त्यावर पंचवीस टक्के कर धरला तरी सव्वाआठ लाख उरतात. हे त्या साडेसहा टक्क्यांच्या वर आहे, मला पटेल. ‘खेळतं भांडवल’ असेल तर विचारा, उधारी वाढली म्हणून का? आणि ‘सर्वसाधारण कंपनीकामासाठी’ हा आकडा जितका मोठा, तितका माझा विश्वास कमी.

वॉरंटचं वेगळं. ती २० लाख वॉरंट घेताना प्रवर्तक आज पूर्ण ६४ देत नाहीत. फक्त २५ टक्के, म्हणजे १६ रुपये. उरलेले ४८ रुपये १८ महिन्यांत कधीही. भाव १२० ला गेला तर ४८ भरून शेअर उचलणार. ४० ला आला तर सोडून देणार, १६ रुपये कंपनीकडे जप्त. दीड वर्ष भाव बघत बसायची सोय मिळाली, आणि ती तुम्हाला नाही. म्हणून ३२ कोटी आले असं धरू नका. आज हातात येणार ३० लाख गुणिले ६४, म्हणजे १९ कोटी २० लाख, अधिक वॉरंटचे ३ कोटी २० लाख. एकूण २२ कोटी ४० लाख. बाकीचे ९ कोटी ६० लाख भाव चांगला राहिला तरच.

पण प्रवर्तकाने वॉरंट घेणं म्हणजे पापच, असंही नाही. स्वतःचा पैसा घालतोय, आणि ते शेअर १८ महिने लॉक-इनमध्ये राहतात, म्हणजे तोवर विकता येत नाहीत. मला धास्ती त्या सहा बाहेरच्यांची. त्यांचं लॉक-इन ट्रेडिंगची मंजुरी मिळाल्यापासून फक्त सहा महिने. तुमच्या कंपनीचे रोज किती शेअर फिरतात? २० हजार असतील तर ३० लाख शेअर बाजारात खपायला दीडशे दिवस लागतील, तेही दुसरा कुणी विकणारा नसेल तर. ते सहा जण कोण, हे नोटिशीत असतं. कंपनी किंवा एलएलपीचं (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेचं) नाव असेल तर तिच्या मागचा खरा माणूस कोण, तेही द्यावं लागतं. ती नावं एक्स्चेंजच्या साइटवर शोधा. हीच मंडळी आणखी पाच-सात छोट्या कंपन्यांच्या अशाच यादीत दिसली आणि तिथले भाव सहा महिन्यांनी बसले असतील, तर मग आडगावकरांचं ऐका.

आता मत. असे निवडक लोकांना थेट शेअर देणं म्हणजे प्रेफरन्शियल इश्यू. त्याला विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट. प्रवर्तकांनाही इथे मत देता येतं. त्यांची ६२ लाख मतं बाजूने पडली तर ठराव पाडायला २० लाख ६७ हजारांच्या वर मतं विरोधात हवीत, म्हणजे तुमच्या ३८ लाखांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी उठून मत द्यायला हवं. छोट्या कंपनीत मी असं कधी होताना पाहिलं नाही. पण पुढचं बघा. दीड कोटी शेअर झाल्यावर तुमचे ३८ लाख म्हणजे २५.३३ टक्के. प्रवर्तक ८२ लाख, ते सहा जण ३० लाख. पुढच्या कुठल्याही विशेष ठरावाला जुने किरकोळ भागधारक झाडून सगळे एकत्र आले तरच कसाबसा अडवता येईल. पैशाचं नुकसान सहा टक्के, नकाराधिकाराचं जवळपास शंभर. वर्तमानपत्रात याबद्दल कुणी लिहीत नाही.

जाता जाता एक. आपल्या नाशिकच्या सुला या वाइन कंपनीचा डिसेंबर २०२२ चा ९६० कोटींचा आयपीओ पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता. नवा एकही शेअर नव्हता, कंपनीच्या खात्यात त्यातला पैसा आला नाही आणि कुणाची टक्केवारी डायल्यूशनने घटली नाही. ‘कंपनीने शेअर विकले’ आणि ‘कंपनीचे शेअर विकले गेले’ यात लोक फार गल्लत करतात.

सिन्नर_शेड

हिशेबनीस काकांचा हिशेब चोख, पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. माझं मुसळगावला युनिट आहे. लिस्टेड नाही, पण पैसे उभे करायची कटकट तीच.

छोट्या कंपनीला बँक कर्ज देते ते तारणावर. शेड गहाण, मशीन गहाण, मालकाचा फ्लॅट गहाण, वर मालकाची वैयक्तिक हमी. सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठीच्या बँक उचलीची मर्यादा) वाढवायची तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, आणि मार्जिन आपल्या खिशातून. मोठ्या ग्राहकाने पेमेंट ९० दिवसांवर नेलं की लिमिट संपलीच. नवी ऑर्डर दारात आणि कच्च्या मालाला पैसे नाहीत, ही अवस्था ज्याने पाहिली तो भागभांडवल का वाढवतात हे विचारणार नाही. भांडवलाला हप्ता नसतो. मंदीत व्याज भरता आलं नाही म्हणून खातं एनपीए (बुडीत) होतं, लाभांश दिला नाही म्हणून होत नाही.

आणि बाहेरच्या सहा जणांनाच का, तर राइट्सला, म्हणजे जुन्या भागधारकांनाच नवे शेअर देऊ करायला, वेळ आणि खर्च लागतो, आणि लोक भरतील याची खात्री नाही. सहा जणांशी एका बैठकीत आकडा ठरतो. सगळेच चोर असतात असं नाही.

गंगापूर_रोड_वाचक

सिन्नरकर, खात्री नाही हे मान्य. पण ‘आम्हाला का नाही विचारलं’ या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

कायद्यात मूळ क्रम तोच आहे. कंपनी कायदा २०१३, कलम ६२. नवे शेअर काढायचे तर आधी असलेल्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात विचारायचं. बाहेरच्याला थेट द्यायचे तर त्याच कलमात विशेष ठरावाची वाट ठेवली आहे. तुमच्याकडे आलेली नोटीस म्हणजे ‘तुमचा पहिला हक्क बाजूला ठेवायला परवानगी द्या’ अशी विनंती आहे. तशी वाचली की मत देणं सोपं जातं.

राइट्स असता तर काय झालं असतं ते सांगते. तेच ५० लाख शेअर, तोच ६४ चा भाव, फक्त दोन शेअरमागे एक असे सगळ्यांना. तुम्हाला २,५०० शेअरचा हक्क मिळाला असता. राइट्सनंतरचा हिशेबी भाव तोच ७३.३३. पण तुमच्या डीमॅटमध्ये २,५०० आरई (राइट्सचे शेअर घ्यायच्या हक्काच्या नोंदी) जमा झाल्या असत्या, आणि प्रत्येकीची किंमत ७३.३३ वजा ६४, म्हणजे ९ रुपये ३३ पैसे. २,५०० गुणिले ९.३३, होतात २३ हजार ३०० च्या पुढे. हिशेबनीस काकांनी तुमच्या खिशातून गेलेले जे दाखवले, बरोबर तेच. १ लाख ६० हजार भरून शेअर घ्या, नाहीतर आरई बाजारात विकून पैसे घ्या. दोन्हीत तुमचं नुकसान नाही. म्हणून राइट्समध्ये भाव कितीही खाली ठेवला तरी मला फिकीर नसते. प्रेफरन्शियलमध्ये प्रत्येक रुपया बघते.

२०२० पासून आरई डीमॅटमध्येच येतात आणि एक्स्चेंजवर विकता येतात. इश्यू बंद व्हायच्या काही दिवस आधी त्यांचं ट्रेडिंग थांबतं. ना भरले, ना विकले, तर त्या रद्द होतात आणि हातात शून्य. माझ्या ओळखीत बऱ्याच जणींना डीमॅटमध्ये आलेली ती वेगळी ओळ काय आहे हेच माहीत नव्हतं.

आणि नव्या शेअरने भागधारक बुडतोच असं नाही, याला पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण आहे. छोटी कंपनी नव्हे, पण कर्जाने पिचलेली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये २१ शेअरमागे ५, भाव ५ रुपये, असा १,२०० कोटींचा राइट्स. त्यातला मोठा भाग कर्जफेडीला. ऑगस्ट २०२३ मध्ये संस्थांना शेअर विकून आणखी २,००० कोटी. शेअरची संख्या अवाढव्य झाली, आणि तरी सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८० च्या वर होता. व्याजाचा दगड गळ्यातून निघाला, आणि ऑर्डरही आल्या. ऑर्डर आल्या नसत्या तर? तेव्हा नुसतं ‘कर्ज फेडलं’ म्हणून भुलू नका.

आडगाव_नाका

एवढं वाचून माझं मत तेच. पण वहिनींचा आरईचा हिशेब झकास.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. रात्री नोटीस परत काढून बसलो. उद्देश असे आहेत: कर्जफेड १२ कोटी, खेळतं भांडवल १२ कोटी, सर्वसाधारण कंपनीकामासाठी ८ कोटी. म्हणजे चौथा हिस्सा ‘सर्वसाधारण’. सहा जणांत दोन व्यक्ती आणि चार एलएलपी. त्यातल्या तीन एलएलपींच्या मागे एकाच घरातली माणसं दिसतात. स्वतंत्र मूल्यांकनाचा अहवाल कंपनीच्या साइटवर आहे, भाव त्यात ६३ रुपये ४० पैसे काढलाय.

कंपनी सेक्रेटरींना ईमेल केला की ही ८ कोटी नेमकी कशासाठी आणि राइट्स का नाही. उत्तर आलं, सभ्य होतं, पण पहिल्या प्रश्नावर ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ एवढंच. दुसऱ्यावर ‘वेळेची निकड’.

ई-व्होटिंगला ओटीपी टाकून विरोधात मत दिलं. ठराव पडणार नाही माहीत आहे. शेअर विकायचं अजून ठरलं नाही, धंदा मला कळतो आणि तो चांगला चाललाय. फक्त दोन गोष्टी सांगा. प्रवर्तक वॉरंट एकदम का उचलत नाहीत, नोटिशीत ‘एक किंवा अधिक हप्त्यांत’ असं लिहिलंय. आणि त्या सहा जणांचं लॉक-इन कधी सुटतं हे मला कसं कळणार?

जुना_हिशेबनीस

बरं केलंत मत दिलंत. मतदान संपल्यावर निकाल दोन कामाच्या दिवसांत एक्स्चेंजवर येईल. त्यात किरकोळ भागधारकांची बाजूची आणि विरोधी मतं वेगळी दाखवतात. विरोध किती झाला ते बघून ठेवा, पुढच्या वेळी बोर्डही बघतं.

हप्त्यांचं कारण टेकओव्हरचा नियम. २५ टक्क्यांच्या वर असलेल्या प्रवर्तकाने एका आर्थिक वर्षात आपला हिस्सा पाच टक्क्यांहून जास्त वाढवला तर बाकीच्यांना ओपन ऑफर (त्यांचे शेअर विकत घ्यायची जाहीर तयारी) द्यावी लागते. बाहेरच्यांचे ३० लाख शेअर वाटले की प्रवर्तक ६२ वरून ४७.७ टक्क्यांवर येतात. सगळी २० लाख वॉरंट एकाच वर्षात बदलली तर ५४.७ होतात, म्हणजे सात टक्के वाढ. म्हणून १० लाख मार्चच्या आधी, १० लाख नंतर, असं काहीतरी करतील. ते कधी उचलतात यावर लक्ष ठेवा. मुदत संपायला आली, भाव ६४ च्या वर आहे आणि तरी उचलत नाहीत, तर त्यांच्याकडे पैसा नाही किंवा त्यांना आतलं काही ठाऊक आहे.

त्या तीन एलएलपी एकाच घराच्या असतील तर त्यांचे शेअर एकत्र मोजा, एकेक करून नव्हे. दर तिमाहीचा शेअरहोल्डिंग पॅटर्न तिमाही संपल्यावर २१ दिवसांत एक्स्चेंजवर येतो. एक टक्क्याच्या वरचे सार्वजनिक भागधारक त्यात नावानिशी असतात. नाव गायब झालं, किंवा आकडा घटला, की समजा विकायला सुरुवात झाली.

लॉक-इनसाठी एक्स्चेंजवर कंपनीच्या घोषणांत आधी ‘लिस्टिंग मंजुरी’, मग ‘ट्रेडिंग मंजुरी’ अशी पत्रं येतील. दुसऱ्या पत्राची तारीख टिपून ठेवा, तिथून सहा महिने मोजा. अलॉटमेंटच्या (शेअर वाटल्याच्या) तारखेपासून मोजू नका, महिनाभराचा फरक पडू शकतो.